वल्ह्याची बेचकी दरवर्षी ढिली का होते? डोंग्याच्या घरगुती फिटिंगचं समस्या निवारण

पावसाळ्याआधी नवे नट-बोल्ट टाकून घट्ट बसवलेली लोखंडी बेचकी, म्हणजे वल्हं ज्यात टेकतं तो काठावरचा आकडा, संक्रांतीपर्यंत डुलायला लागते. नट आवळला की आठ दिवस बरं, मग पुन्हा खडखड. बोल्टभोवती लाकडावर काळं कडं उमटतं, काठाच्या फळीवरून तांबूस ओघळ उतरतो, आणि एखाद्या दिवशी भर तलावात जोर लावताना बोल्ट तुटून वल्हं हातात येतं. पुढच्या वर्षी १० मिमीच्या जागी १२ चा बोल्ट जातो, त्याच्या पुढच्या वर्षी १६ चा. मग कुणीतरी सांगतं, स्टीलचा टाक. स्टीलचा टाकला तरी बेचकी हलतेच, फक्त बोल्ट तुटत नाही.

तुटलेला बोल्ट फेकण्याआधी नीट बघा. डोकं जवळपास शाबूत असतं. नटाकडचे आटे गंजलेले असले तरी जागेवर असतात. मधली दांडी, म्हणजे लाकडाच्या आत असलेला भाग, मात्र कंबर आवळल्यासारखी बारीक झालेली असते, कधीकधी पेन्सिलीएवढी. बाहेरचा भाग पाऊस खातो, ऊन खातो, पण वाळतो. आतला वाळत नाही. बिघाड बोल्टात नाही, भोकात आहे, आणि भोक तसंच ठेवून धातू कितीही भारी घेतला तरी पैसा पाण्यातच जातो.

भोकात काय चालतं

वरून आलेलं पाणी बोल्टच्या डोक्याखालून भोकात शिरतं आणि तिथे अडकतं. भोकाच्या भिंतीत लाकडाचे रेशे आडवे कापलेले असतात. कापलेला रेशा म्हणजे बारीक नळीच, तो पाणी ओढून घेतो आणि महिनोन्‌महिने सोडत नाही. ओल्या लाकडातलं आम्लयुक्त पाणी लोखंड खातं. लोखंडाचा गंज लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) मिळून काळा-निळा पदार्थ तयार होतो, तेच ते काळं कडं. येन (साजा) आणि बाभूळ यांच्यात टॅनिन भरपूर असतं, सागात कमी, पण असतं. गंजणाऱ्या लोखंडाभोवतीचं लाकूडही हळूहळू मऊ पडतं. म्हणजे बोल्ट बारीक होतो आणि त्याच वेळी भोक मोठं होतं. दोन्हीकडून ढिलाई.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा (माजी मालगुजारी) तलाव घ्या, नाहीतर इटियाडोह, असोलामेंढा, गोसेखुर्दसारखी धरणं. जुलै-ऑगस्टपासून डोंगा पाण्यात असतो. मार्च-एप्रिलपर्यंत पाणी ओसरतं आणि डोंगा काठावर ४५ अंशांत पालथा पडतो. समुद्रावरची होडी बहुतेक काळ एकसारखी ओली असते. आपला डोंगा वर्षातून एकदा पूर्ण फुगतो आणि एकदा पूर्ण आकसतो. ५० मिमी जाडीची सागाची फळी पूर्ण ओलीची पूर्ण कोरडी होताना, रेशाची दिशा कशी आहे त्यावर अवलंबून, जाडीत मिलिमीटरभर सहज कमी होते. जुलैत घट्ट केलेला नट मे महिन्यात मोकळा फिरतो तो यामुळे. उलट मे महिन्यात ताकद लावून आवळलेला नट पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला चिरडतो, वॉशर आत रुततो, आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी ढिला होतो. दर दोन महिन्यांनी पाना घेऊन आवळत राहणं हा इलाज नाही, तो बिघाड वाढवण्याचा मार्ग आहे.

रंगावरून रोग ओळखा

काळं-निळं कडं: लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आलंय, वरून कितीही चांगला दिसला तरी तो बोल्ट काढा. तांबूस ओघळ वरच्या बाजूने असेल तर रंग उडालाय, एवढंच. ओघळ खालून, नटाच्या बाजूने येत असेल तर पाणी भोकातून आरपार वाहतंय. पांढरी भुकटी म्हणजे जस्त किंवा ॲल्युमिनियम झिजतंय. जस्ताची भुकटी थोडी असणं ठीक, कारण ते लोखंडाऐवजी स्वतः झिजण्यासाठीच लावलेलं असतं. पितळी स्क्रू हिरवट झाला तर चिंता नको. गुलाबी-तांबूस झाला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलेलं तांबं बिस्किटासारखं ठिसूळ आहे, पेचकसाचा हलका दाब दिला तरी डोकं निघून येईल.

नट घट्ट आहे पण बेचकी हलते, असं असेल तर भोक अंडाकृती झालंय. आणि बोल्टच्या बाजूला लाकडात पेचकस टोचून बघा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा सहज आत गेला तर ते लाकूड कुजलंय. तिथे खाली दिलेली भोक-दुरुस्ती करू नका. कुजका भाग कापून नवा तुकडा सांधा.

भोक दुरुस्त करण्याची पद्धत

हे काम एप्रिल-मेमध्येच करावं, कारण लाकूड पूर्ण कोरडं हवं. फिटिंग काढून डोंगा सावलीत, विटांवर उचलून, किमान तीन आठवडे राहू द्या. थेट उन्हात ठेवला तर वरचा थर वाळून तडकतो आणि आत ओल तशीच राहते.

१२ मिमीच्या बोल्टसाठी भोक १८ ते २० मिमीच्या बिटने मोठं करा. काळं पडलेलं, मऊ लाकूड पूर्ण निघालं पाहिजे. २० च्या बिटनेही निघालं नाही तर आणखी मोठं करा, हयगय नको. भुसा फुंकून, ब्रशने साफ करा. खालचं तोंड चिकटपट्टीने बंद करा.

आता इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद. दोन डब्यांचं, हळू सेट होणारं घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं घरगुती इपॉक्सी इथे उपयोगाचं नाही. ते पाण्यात मऊ पडतं आणि रेशांत शिरण्याआधीच गोठतं. पांढरा फेव्हिकॉल तर सततच्या ओलीत सुटतोच. एमसीलसारखी पुट्टी गळती थांबवायला ठीक, पण घट्ट असल्यामुळे ती रेशांत मुरत नाही, भोकात नुसती बूच बनून राहते आणि काही महिन्यांनी सबंध बूचच फिरायला लागते.

रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, काट्यावर वजन करून मिसळा. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालणं ही नेहमीची चूक. इपॉक्सीत तसं चालत नाही. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि सगळं चिकट, मऊ राहतं. आधी भुसा न घालता पातळ मिश्रण ब्रशने किंवा कानातल्या काडीने भोकाच्या भिंतींना दोनदा चोपडा. पहिल्या वेळी लाकूड ते पिऊन टाकेल. मग उरलेल्या मिश्रणात सागाचा चाळलेला बारीक भुसा घालून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि हवा न राहता भोक भरा. खडूची पूड, प्लास्टर ऑफ पॅरिस घालू नका, दोन्ही ओल ओढतात.

२० मिमी रुंद आणि ६० मिमी खोल भोकाला साधारण १९ घन सेंटिमीटर माल लागतो. चार भोकं असतील तर ८० ग्रॅमच्या आसपास. वाया जाणारं धरून १०० ग्रॅम पुरे. पण ते सगळं एका कपात एकदम मिसळू नका. उन्हाळ्यात मोठा गोळा स्वतःच तापतो, धूर सोडतो आणि भोकात जायच्या आत दगड होतो. दोन वेळा मिसळा, पसरट भांड्यात, सकाळी सातच्या आत. हातमोजे घाला, इपॉक्सीची अॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभर सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच केंद्रावर १२.५ मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला कुठेच लागत नाही. त्याच्याभोवती तीन-चार मिलिमीटरची इपॉक्सीची नळी आहे, जिच्यातून पाणी लाकडात जात नाही आणि टॅनिन बोल्टपर्यंत येत नाही. बोल्ट थोडा गंजला तरी लाकूड वाचतं आणि पुढच्या वेळी फक्त बोल्ट बदलावा लागतो.

भोकाचं वरचं तोंड काउंटर मारून थोडं उतरतं करा, दोन-तीन मिलिमीटर. त्या खळग्यात सीलंट बसतं आणि डोक्याखाली रबरी कड्यासारखं काम करतं. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. सिलिकॉन स्वस्त असतं, पण त्यावर रंग धरत नाही आणि एकदा लागलं की तिथे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. शिवाय ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन लोखंडाला गंजवतं. पहिल्या दिवशी नट फक्त हाताने, सीलंट बाजूने थोडं बाहेर येईपर्यंत. एक दिवस जाऊ द्या. मग बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवा आणि नट अर्धा फेरा फिरवा. बोल्ट फिरवला तर बसलेलं सीलंट तुटतं, आणि सगळी मेहनत वाया.

खालून ५० बाय ५० मिमीची ५ मिमी जाड पट्टी लावा, फळीची रुंदी असेल तर मोठी. नुसता वॉशर (आपल्याकडचा वायसर) लाकडात रुततो. नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) घ्या किंवा चेकनट (वरून दुसरा नट) लावा. स्प्रिंग वॉशर लाकडावर फारसा उपयोगाचा नाही, लाकूड स्वतःच आकसतं तेव्हा त्याची एवढीशी उसळी कुठे पुरणार?

बोल्ट घेताना एक बघा, की संपूर्ण आटे असलेला न घेता साधी दांडी असलेला घ्या, आणि लांबी अशी की आटे लाकडाच्या बाहेर येतील. आट्यांच्या खाचांत पाणी साठतं आणि बाजूचा जोर पडला की तेच आटे भोक कानशीसारखं घासतात.

धातू कोणता

गोड्या पाण्यासाठी ३१६ नंबरच्या स्टेनलेसचा आग्रह धरायचं कारण नाही. ते समुद्रासाठी आहे, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्याचेच पैसे घेतात. ३०४ पुरतं. अडचण अशी, की तालुक्याच्या दुकानात 'स्टील' म्हणून पुष्कळदा २०० मालिकेचं मिळतं, ज्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. चुंबक दोन्हींना जवळजवळ लागत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा इथे फसवते. बोल्टच्या डोक्यावर ए२-७० असं ठोकलेलं असेल तर ते ३०४ च्या जातीचं, ए४ असेल तर ३१६. काहीच ठोकलेलं नसेल तर भंगारवाल्यांकडे थेंब टाकून तपासायचं औषध असतं, त्यांच्याकडून बघून घ्या. लवकर लाल चढला की २०० मालिका. तेही अगदी टाकाऊ नाही; वर उघड्यावर असणाऱ्या कडी-कोयंड्याला चालेल. भोकात, ओलीत, हवा न लागणाऱ्या जागी नको. स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर बनणाऱ्या पापुद्र्यामुळे, आणि बंद ओल्या भोकात तो पापुद्रा दुरुस्त होत नाही.

स्टीलच्या बोल्टवर स्टीलचा नट चढवताना आट्यांना ग्रीसचा हात द्या आणि सावकाश फिरवा. कोरडा आणि झपाट्याने फिरवला तर मधेच असा जाम होतो की ग्राइंडरशिवाय सुटत नाही.

स्वस्तात आणि टिकाऊ हवं असेल तर गरम जस्ताच्या कढईत बुडवलेला, म्हणजे हॉट डिप बोल्ट सगळ्यांत बरा. ओळख सोपी: रंग राखाडी, मंद, अंगाला किंचित खरखरीत. आरशासारखा चकचकीत किंवा पिवळसर झाक असलेला बोल्ट म्हणजे विजेने चढवलेला जस्ताचा मुलामा. त्याची जाडी पाच-दहा मायक्रॉन. हॉट डिपची पन्नासच्या आसपास. चकचकीत बोल्ट तलावात एक पावसाळा काढतो. हॉट डिप बोल्टवर साधा नट चढत नाही, कारण जस्ताचा थर जाड असतो. नट त्याच्याबरोबरचाच घ्या. आट्यांवर डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून तो थर खरवडणं म्हणजे कवच काढून फेकणं.

पितळी स्क्रू पाण्याच्या वर, फळ्या-पट्ट्या अडकवायला ठीक आहेत, ओझं पेलायला नाहीत. घेताना चुंबक लावून बघा, कारण लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेले बरेच मिळतात. कठीण लाकडात पितळी स्क्रू थेट फिरवला तर डोकं तुटतं: आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळी, मेणबत्तीचं मेण चोळून. साबण चोळू नका, तो ओल धरतो. पितळेपेक्षा गनमेटल कितीतरी चांगलं, आणि ते आपल्याकडे दुर्मीळही नाही: जुन्या पाणबुडी आणि सेंट्रिफ्यूगल पंपांचे बुश त्याचेच असतात. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे झिजलेले बुश पडलेले असतात. १६ मिमीच्या खुंटीसाठी लेथवर फिरवून घेता येतात.

दोन धातू एकत्र आले तर एक नियम पुरतो: लहान तुकडा मोठ्या तुकड्यापेक्षा कमी गंजणारा असावा. जस्त चढवलेल्या मोठ्या पट्टीत स्टीलचा बोल्ट चालतो. स्टीलच्या मोठ्या पट्टीत लोखंडी बोल्ट नाही. तो सगळ्या पट्टीचा गंज एकटा सोसतो आणि एका हंगामात जातो. ॲल्युमिनियमच्या खिडकी सेक्शनमधून पट्ट्या करत असाल तर स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर आणि भोकात प्लास्टिकची बारीक नळी घाला.

गोड्या पाण्यात हे सगळं हळू चालतं, कारण गोडं पाणी वीज कमी वाहून नेतं. पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा खारट जमिनीचा भाग, याला अपवाद. तिथल्या विहिरीच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात डोंगा असेल तर ३१६ चा खर्च वाया जात नाही. मासे मिठात ठेवून आणत असाल तर डोंग्याच्या तळात साठणारं पाणी समुद्राहून खारट होऊ शकतं. रोज धुऊन काढा.

मोरचूदाचं प्रकरण

संत्र्याच्या बागा असलेल्या भागात हा घोळ हमखास होतो. झाडाच्या बुंध्याला लावायची बोर्डो पेस्ट उरते, मोरचूद बुरशी मारतं हे माहीत असतं, आणि कुणीतरी तेच डोंग्याच्या लाकडाला फासतं. बुरशी थांबते हे खरं. पण मोरचूदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढंच लोखंड पाण्यात जातं. ॲल्युमिनियमला तर ते खड्डे पाडून खातं. खिळे-बोल्ट असलेल्या लाकडाला मोरचूद नको. तळ्यात माशांचं बी सोडलेलं असेल तर त्याहूनही नको, तांबं माशांना विष आहे.

लाकडी खुंटी: सगळ्यांत कमी कटकट

चार मीटरच्या आतल्या, एका माणसाने वल्हवायच्या डोंग्याला लोखंडी बेचकीची गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. तिवस किंवा धावड्याची खुंटी आणि तिला वल्हं अडकवायला अंबाडीच्या दोरीचं कडं, यात गंजायला काहीच नाही. धावडा चिवट, म्हणून बैलगाडीच्या कण्याला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरला जातो. फक्त तो वाळताना तडकतो, म्हणून तोडलेली फांदी लगेच न घडवता टोकांना शेण किंवा मेण लावून सावलीत दोन-तीन महिने वाळवावी. खुंटी २८ ते ३० मिमी जाड, खाली थोडी निमुळती, फळीतल्या भोकात वरून ठोकलेली. गोंद नाही, खिळा नाही. दगडावर वल्हं अडकलं तर खुंटी तुटते, काठाची फळी नाही, आणि तेच हवं असतं. वर्षाला एक खुंटी आणि एक दोर, एवढाच खर्च.

भोक आणि खुंटीला जवसाचं तेल द्या. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडा-दोन आठवडे घेतं आणि ओलीत काळी बुरशी धरतं; रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड घ्या. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, त्यातही मे महिन्यात. पाण्यात बुडवा किंवा कुंपणावर उकलून वाळत घाला.

प्लास्टिकचे बुश

बेचकीच्या दांडीला धातूवर धातू घासू नये म्हणून प्लास्टिकचा बुश घालतात. नायलॉन सगळीकडे मिळतं, पण ते पाणी पितं आणि फुगतं. कोरड्या नायलॉनमध्ये अगदी बरोबर बसवलेली १६ मिमीची दांडी आठ-पंधरा दिवस पाण्यात राहिली की अडकते. आतलं भोक १६.५ मिमी ठेवा, किंवा सरळ एचडीपीई वापरा, ते पाणी पीत नाही. नळयोजनेच्या कामात उरलेले काळ्या एचडीपीई पाइपचे जाड तुकडे गावोगावी पडलेले असतात. काळेच घ्या. काळा रंग कार्बनचा असतो आणि तोच प्लास्टिकला उन्हापासून वाचवतो. पांढरा-करडा पीव्हीसी दोन उन्हाळ्यांत बिस्किटासारखा फुटतो. ठिबकची जुनी काळी नळी उभी चिरून दोर घासतो त्या काठावर चढवली तर उत्तम कवच होतं.

वैनगंगेसारख्या वाळूच्या नदीत बुशला ग्रीस भरू नका. ग्रीसला वाळू चिकटते, वाळू प्लास्टिकमध्ये रुतते आणि मग बुश शिरीष कागदासारखा दांडी घासतो. कोरडा ठेवा, रोज पाण्याने धुवा.

वेल्ड केलेली फिटिंग आणि रंग

गावातल्या वेल्डरकडून ५० बाय ६ मिमीची पट्टी आणि १६ मिमीची सळई घेऊन बेचकी करत असाल तर तीन गोष्टी सांगून ठेवा. सळई फक्त दोन टाक्यांवर न ठेवता चारी बाजूंनी वेल्ड करायची, नाहीतर फटीत पाणी शिरून आतून गंजते. पाइप वापरला तर दोन्ही टोकं बंद, किंवा खाली निचऱ्याचं ६ मिमीचं भोक. आणि जीआय (जस्त चढवलेला) पाइप वेल्ड करायचा असेल तर वेल्डच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने काढायचं, मोकळ्या हवेत. जळत्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

रंग उडतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नाही, खालच्या तयारीमुळे. नव्या सळईवरचा निळसर-काळा पापुद्रा दिसायला छान घट्ट दिसतो, पण तो पुढे सुटतो आणि रंग घेऊन जातो. ग्राइंडरने किंवा शिरीष कागदाने पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढा. धारदार कडा कानशीने गोल करा, कारण धारेवर रंग थांबतच नाही, दोन्हीकडे ओघळतो. गंज नेहमी कडेवरूनच सुरू होतो. कडांना आणि वेल्डला एक जादा हात आधी ब्रशने द्या, मग सगळ्यावर. रेड ऑक्साइड एकट्याने पाणी अडवत नाही, त्यावर दोन हात एनॅमल हवेतच. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर महाग पडतो, पण पाण्याखाली राहणाऱ्या भागाला तोच. जस्त भरलेला प्रायमर फक्त उघड्या, स्वच्छ लोखंडावर काम करतो. त्याखाली रेड ऑक्साइड दिला तर जस्त लोखंडाला शिवतच नाही आणि पैसे फुकट.

नव्या जीआयवर थेट एनॅमल लावलं तर ते सालीसारखं निघतं, कारण तेलाचा रंग जस्तावर साबणासारखा होतो. आधी इच प्रायमर (जस्तावर पकड घेणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर.

मे महिन्याच्या दुपारी उन्हातलं लोखंड ६० अंशांवर जातं, रंग पसरायच्या आत वाळतो आणि बारीक छिद्रं राहतात. सकाळी लावा, हिवाळ्यात मात्र दव वाळल्यावर. फिटिंग आणि काठाची फळी फिकट रंगात ठेवा. घरी सेट केलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, आणि काळी फळी उन्हात तेवढी सहज तापते. त्याच कारणाने भर उन्हात नट आवळू नका.

हलक्या गंजावर हिरड्याचा काढा लावायची युक्ती जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे: टॅनिन गंजाचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर करतं. पण तो थर रंगाखालचा अस्तर आहे, रंग नव्हे.

काही इतर जागा

फायबरच्या डोंग्यात तीन मिलिमीटरच्या थरात स्क्रू धरत नाही. आत १२ मिमीचा आयएस ७१० मरीन प्लायचा तुकडा, त्याच्या कडा आणि भोकं रेझिनने पूर्ण बंद केलेली, आणि आरपार बोल्ट. फायबरच्या पॉलिस्टर रेझिनचा कोबाल्ट (लवकर घट्ट करणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन घातलं तर थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, तिथे इपॉक्सीच. डांबर डिझेलमध्ये पातळ करून तळाला लावता येतं, पण त्यावर एनॅमल मारलं तर तपकिरी डाग वर येतात.

पत्र्याच्या डोंग्यासाठी जुना ड्रम कापत असाल तर त्यात आधी काय होतं ते विचारा. फवारणीच्या औषधाचा ड्रम घेऊ नये. तेलाचा किंवा थिनरचा असेल तर आधी पाण्याने पूर्ण भरा, आणि कापतानाही फक्त कापायच्या रेषेपर्यंतच रिकामा करा. उरलेल्या वाफेवर ठिणगी पडली की ड्रम फुटतो.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात डोंगा चालवायचा तर तळाबाहेर एकही नट, खिळ्याचं टोक किंवा पट्टीचा कोपरा राहू देऊ नका. बोल्टची डोकी काउंटर करून आत बसवा आणि वर इपॉक्सी भरा. ५०० मायक्रॉनचा कागद फाडायला एक वॉशर पुरतो.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या वर्षी काहीही उघडू नका, आवळू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त जोर पडणाऱ्या जागचा, म्हणजे वल्ह्याच्या बेचकीच्या मागच्या बाजूचा, एकच बोल्ट काढून बघा. दांडी चकचकीत आणि भोक कोरडं असेल तर बाकीच्यांना हात लावायची गरज नाही, नवीन सीलंट लावून तोच बोल्ट परत बसवा. भोकात ओल दिसली तर पाणी डोक्याखालून आलंय; मग त्या फिटिंगचे सगळे बोल्ट काढून काउंटर खोल करा आणि सीलंट पुन्हा भरा.